दोन पियानो आणि एक अट

2019 च्या ग्रॅमी सोहळ्यात अलिशिया कीज दोन पियानोंच्या मधोमध बसली. एक हात या पियानोवर, एक हात त्या पियानोवर, आणि चक्क दोन्ही एकदम वाजवायला लागली! ही क्लिप आमच्या विंगमध्ये अजूनही अधूनमधून फिरते. वाजवता वाजवता तिने एक नाव घेतलं होतं : हेझल स्कॉट. पण क्लिप संपली की ते नाव कुणाच्याच लक्षात राहत नाही. मलाही हे नाव कोणाचं ते शोधावं लागलं, आणि शोधता शोधता सबमिशनचा अख्खा आठवडा गेला. असो.

हा दोन पियानोंचा प्रकार हेझलने 1943 सालीच करून दाखवला होता. 'द हीट्स ऑन' नावाच्या सिनेमात ती एका काळ्या आणि एका पांढऱ्या पियानोच्या मध्ये बसते आणि हसत हसत दोन्ही वाजवते. कपाळावर आठी नाही, घाम नाही. आपण व्हायवाला दोन प्रश्नांची उत्तरं एकदम देऊ शकत नाही, आणि ही बाई बघा! पण तिची खरी गोष्ट नुसती बोटांची नाही. तिच्या करारपत्रात एक अट असायची. त्या अटीमुळे तिला काय काय मिळालं आणि काय काय गेलं, ते मला इथे सांगायचंय.

आधी थोडं बालपण. पोर्ट ऑफ स्पेन म्हटलं की आपल्याला क्रिकेट आठवतं. 1971 मध्ये सुनील गावसकर पहिली टेस्ट तिथेच खेळले आणि वेस्ट इंडिजला भारताने पहिल्यांदा हरवलं तेही तिथेच. त्रिनिदादच्या याच शहरात 11 जून 1920 रोजी हेझलचा जन्म झाला. तेव्हा त्रिनिदाद ब्रिटिशांच्या ताब्यात होतं. आई अल्मा शास्त्रशुद्ध पियानो शिकलेली, घरी शिकवण्या घ्यायची. तीन वर्षांची हेझल ऐकून ऐकून वाजवायला लागली. आईच्या शिकवणीतला एखादा विद्यार्थी चुकीची पट्टी दाबायचा तेव्हा ही चिमुरडी जोरात किंचाळायची, असं सांगतात. (आमच्या शाळेतल्या पियानो शिकवणाऱ्या सिस्टर किंचाळायच्या नाहीत, फक्त चष्म्यावरून बघायच्या. ते जास्त भीतिदायक असायचं.)

1924 मध्ये हे कुटुंब न्यूयॉर्कला, हार्लेममध्ये आलं. हार्लेम म्हणजे कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती. पियानो शिकवणाऱ्या अल्माला तिथे सुरुवातीला लोकांच्या घरी मोलकरणीचं काम करावं लागलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. मग तिने जिद्दीने सॅक्सोफोन शिकून घेतला, बायकांच्या बँडमध्ये वाजवू लागली, आणि पुढे स्वतःचा बायकांचा बँडही काढला. त्यामुळे घरी येणारेजाणारे कोण, तर फॅट्स वॉलर, लेस्टर यंग आणि आर्ट टेटम! टेटमला दिसायचं जवळजवळ नाहीच, पण त्याच्या बोटांचा वेग ऐकून भलेभले पियानोवादक गप्प बसायचे. अशी माणसं घरी चहाला येत असतील तर मुलीचं काय होणार?

आता ज्युलियर्डचा किस्सा. ज्युलियर्ड म्हणजे संगीतातलं आयआयटी म्हणा. प्रवेशाचं किमान वय होतं 16, आणि अल्मा आपल्या आठ वर्षांच्या मुलीला घेऊन तिथे ऑडिशनला गेली. हेझलने रॅखमनिनॉफची सी शार्प मायनरमधली प्रेल्यूड वाजवायला घेतली. तिच्यात हाताला प्रचंड ताण देणारे स्वर आहेत. पियानोची एक पांढरी पट्टी साधारण 23.5 मिलिमीटर रुंद असते. पहिल्या पट्टीपासून नवव्या पट्टीपर्यंतचं अंतर, मध्यापासून मध्यापर्यंत, जवळपास 19 सेंटिमीटर भरतं. आठ वर्षांच्या मुलीचा पंजा तेवढा पसरेल का? तिने काय करावं? जिथे जिथे नववा स्वर लागत होता तिथे तिथे तिने सहावा वाजवला. ते अंतर साधारण 12 सेंटिमीटर. आणि हे मनाला येईल तसं नाही, तर त्या स्वरमेळात बसेल असं, तिथल्या तिथे कानाने ठरवून. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटणार, ही रॅखमनिनॉफची मोडतोड करतेय. पण ऑस्कर वॅगनर या प्राध्यापकांना कळलं की समोरच्या मुलीचा हात छोटा आहे, डोकं नाही. वयामुळे रीतसर प्रवेश देता येत नव्हता, म्हणून त्यांनी तिला स्वतः शिकवायला घेतलं.

माझ्या मते तिची पुढची सगळी कला याच किस्स्यात आहे. लिहिलेलं संगीत समोर ठेवायचं, आणि आपल्या हाताला, आपल्या कानाला पटेल तसं ते फिरवायचं. पुढे याच गोष्टीला लोक 'स्विंगिंग द क्लासिक्स' म्हणायला लागले. 1940 साली याच नावाने तिच्या रेकॉर्ड्सचा संच निघाला आणि तो भरपूर खपला.

हे स्विंग म्हणजे नक्की काय, ते आपल्या भाषेत सांगते. समजा चार ठोक्यांचा एक बार आहे. पाश्चात्य अभिजात संगीतात सहसा पहिल्या आणि तिसऱ्या ठोक्यावर जोर असतो. जॅझमध्ये तो दुसऱ्या आणि चौथ्यावर जातो. एकाच गाण्यावर एकाने 1-3 वर टाळ्या वाजवायच्या आणि दुसऱ्याने 2-4 वर, असं करून बघा. गाणं तेच, पण चाल बदलल्यासारखी वाटते. दुसरी गोष्ट, प्रत्येक ठोक्याचे दोन भाग होतात. अभिजात संगीतात ते साधारण सारखे, म्हणजे अर्धा-अर्धा. स्विंगमध्ये पहिला भाग लांब आणि दुसरा आखूड, अंदाजे 2:1. त्यामुळे लय सरळ न चालता झोके घेत चालते. कागदावर स्वर तेच राहतात, पण त्यांची वेळ हलते. आपल्याकडे चांगला तबलजी समेच्या जरा अलीकडे-पलीकडे खेळतो आणि आपण 'वाह' म्हणतो, तशातलंच हे सुख.

यात आणखी एक मसाला होता, बुगी-वुगी. (आपली जुनी टीव्हीवरची डान्स स्पर्धा नव्हे!) बुगी-वुगीत डावा हात यंत्रासारखा एकच नमुना फिरवत राहतो, एका बारमध्ये आठ ठोके. असे 12 बार झाले की एक आवर्तन, म्हणजे 96 ठोके, आणि मग पुन्हा पहिल्यापासून. डावा हात असा इंजिनासारखा चालू ठेवायचा आणि उजव्याने वर पाहिजे ते बोलायचं. हेझल काय करायची, तर शॉपँचा 'मिनिट वॉल्ट्झ' किंवा लिस्टची दुसरी हंगेरियन ऱ्हॅप्सडी आधी अगदी शिस्तीत, परीक्षेला बसल्यासारखी वाजवायची. ऐकणारे सावरून बसायचे. आणि मग हळूच डावा हात बिघडायचा! सगळा हॉल पाय आपटायला लागायचा.

काही जॅझ समीक्षकांना हा सगळा सर्कशीचा प्रकार वाटला. त्यांचं पूर्ण चुकलं असं मी म्हणणार नाही. एकामागून एक पाच-सहा रेकॉर्ड्स ऐकल्या की आता डावा हात कधी बिघडणार हे आधीच कळायला लागतं. पण ती 20 वर्षांची होती हो! आपल्याएवढी.

ती हे सगळं वाजवत होती ते ठिकाणही महत्त्वाचं आहे. त्या काळी न्यूयॉर्कमधल्या कॉटन क्लबसारख्या नावाजलेल्या क्लबांत स्टेजवर कृष्णवर्णीय कलाकार असायचे, पण टेबलावर बसून ऐकणारे मात्र गोरेच. 1938 च्या डिसेंबरमध्ये बार्नी जोसेफसन नावाच्या माणसाने ग्रीनिच व्हिलेजमध्ये 'कॅफे सोसायटी' उघडला आणि तिथे कुणीही कुणाच्याही शेजारी बसेल असं ठरवलं. बिली हॉलिडे तिथली स्टार होती. 1939 मध्ये तिने तिथला मुक्काम वेळेआधीच संपवला आणि आपल्या जागी हेझलला घ्या म्हणून सुचवलं. 1940 मध्ये जोसेफसनने शहराच्या वरच्या भागात दुसरा क्लब काढला, तर तो जवळजवळ हेझलचाच म्हणून ओळखला जायला लागला. 1945 पर्यंत तिची कमाई वर्षाला 75,000 डॉलरच्या घरात गेली होती. त्या काळात हा आकडा म्हणजे डोळे पांढरे व्हायची वेळ!

आणि आता ती अट. हेझलच्या कार्यक्रमांच्या करारात लिहिलेलं असायचं की प्रेक्षकांना रंगावरून वेगळं बसवलं असेल तर मी वाजवणार नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत तेव्हा असं वेगळं बसवणं कायदेशीर होतं. भाषणात समानतेबद्दल बोलणं वेगळं आणि करारात कलम घालणं वेगळं. कलम म्हटलं की समोरचा आयोजक पैशाचा विचार करायला लागतो. 1948 मध्ये ऑस्टिनला, टेक्सास विद्यापीठात तिचा कार्यक्रम होता. तिथे गेल्यावर दिसलं की कृष्णवर्णीयांची जागा वेगळी ठेवलीय. तिने वाजवायला साफ नकार दिला आणि ती पोलिस बंदोबस्तात शहराबाहेर पडली. तिचं म्हणणं साधं होतं : माझं वाजवणं ऐकायला यायचं, पण माझ्यासारख्याच माणसाशेजारी बसायचं नाही, हे कसं काय?

हॉलिवूडमध्येही तिच्या अटी होत्याच. तेव्हाच्या सिनेमात कृष्णवर्णीय बाईला भूमिका मिळायची ती बहुतेक करून मोलकरणीची. हेझलने तसल्या भूमिका घेतल्याच नाहीत. (अल्माची हार्लेममधली ती सुरुवातीची वर्षं आठवा.) ती पडद्यावर येणार ती हेझल स्कॉट म्हणूनच, पियानोसमोर बसून, आणि अंगावरचे कपडेही तिच्या पसंतीचे.

'द हीट्स ऑन'च्या सेटवर यावरून मोठा राडा झाला. युद्धावर निघालेल्या सैनिकांना त्यांच्या बायका निरोप देतात असा एक प्रसंग होता. त्यातल्या कृष्णवर्णीय बायकांना मळके एप्रन घालायला दिले होते. हेझलचा स्वतःचा पोशाख व्यवस्थित होता, तिला गप्प बसता आलं असतं. पण नवऱ्याला निरोप द्यायला कुठली बाई मळका एप्रन घालून जाते, असं म्हणून ती तीन दिवस सेटवर गेलीच नाही. शूटिंग बंद म्हणजे दिवसाला पैसे पाण्यात. शेवटी एप्रन गेले. पण कोलंबिया स्टुडिओचा प्रमुख हॅरी कोन इतका चिडला की ही पुन्हा सिनेमात दिसणार नाही असं त्याने ठरवलं. 1945 च्या 'ऱ्हॅप्सडी इन ब्लू'नंतर हॉलिवूडच्या सिनेमात ती खरोखरच दिसली नाही. आज आपण जी दोन पियानोंची क्लिप बघतो ना, ती याच एप्रनवाल्या सिनेमातली.

1945 मध्येच तिने अॅडम क्लेटन पॉवेल ज्युनियरशी लग्न केलं. तो हार्लेममधल्या मोठ्या चर्चचा पाद्री आणि हार्लेममधूनच काँग्रेसवर निवडून गेलेला खासदार. काँग्रेस म्हणजे तिथली संसद, आपला पक्ष नव्हे. त्याच वर्षी वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलने हेझलला वर्णावरून परवानगी नाकारली. एका खासदाराच्या बायकोची ही गत! हॉल चालवणाऱ्या बायकांच्या संस्थेने 1939 मध्ये मॅरियन अँडरसन या गायिकेलाही असंच नाकारलं होतं, तेव्हा एलिनॉर रूझवेल्टने त्या संस्थेचा राजीनामा दिला होता. हेझलच्या वेळी मात्र राष्ट्राध्यक्ष ट्रुमनची पत्नी त्याच संस्थेच्या चहापानाला गेली. पॉवेलने तिच्यावर जाहीर टोमणा मारला आणि ट्रुमनच्या काळात त्याचं व्हाइट हाऊसचं आमंत्रण बंद झालं.

1949 मध्ये आणखी एक प्रकरण. वॉशिंग्टन राज्यात (राजधानी नव्हे, पश्चिमेकडचं राज्य) पास्को गावात हेझल आणि तिची प्रवासातली सोबतीण एका हॉटेलात खायला गेल्या. तुम्हाला मिळणार नाही, असं सांगण्यात आलं. पोलिसांनीही दाद दिली नाही. हेझलने सरळ कोर्टात दावा ठोकला, 50,000 डॉलरचा. 1950 मध्ये ती जिंकली. रक्कम मिळाली फक्त 250 डॉलर, आणि तीही तिने कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेला देऊन टाकली. पण त्या खटल्याने तिथल्या लोकांना बळ आलं, आणि 1953 मध्ये त्या राज्यात सार्वजनिक ठिकाणी भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा झाला.

इथपर्यंत ती जिंकत आली होती. 3 जुलै 1950 ला ड्यूमाँट या टीव्ही नेटवर्कवर 'द हेझल स्कॉट शो' देशभर सुरू झाला. पंधरा मिनिटांचा, सोमवार, बुधवार, शुक्रवार. स्वतःच्या नावाचा कार्यक्रम अशा नेटवर्कवर मिळालेली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री.

पण त्याआधी जूनमध्येच 'रेड चॅनल्स' नावाची एक पुस्तिका निघाली होती. रेडिओ-टीव्हीतल्या 151 जणांची नावं, आणि प्रत्येकापुढे तो कुठल्या कथित कम्युनिस्ट संघटनांशी जोडलेला होता त्याची यादी. तिच्यात लिओनार्ड बर्नस्टाइन होता, ऑर्सन वेल्स होता, आणि हेझलही होती. पुरावा काय? कुठल्या सभेत वाजवलं, कुठल्या पत्रकावर सही आहे, असलं काहीतरी. कॅफे सोसायटीत काम केलं म्हणजे हे आलंच, कारण जोसेफसनचा भाऊ कम्युनिस्ट होता आणि त्यापायी 1947 नंतर तो क्लबसुद्धा बुडाला.

ही पुस्तिका सरकारी नव्हती. कुणावर खटला नाही, कुणाला शिक्षा नाही. पण जाहिरातदार ती यादी बघून कलाकार ठरवायचे, म्हणजे पुन्हा पैशाचंच कलम. फक्त या वेळी ते तिच्या विरुद्ध लागू झालं.

लोकांनी गप्प बसायचा सल्ला दिला. नवऱ्यानेही. हेझल मात्र 22 सप्टेंबर 1950 ला आपणहून संसदेच्या त्या बदनाम चौकशी समितीपुढे जाऊन उभी राहिली. मी कम्युनिस्ट नाही, कधीच नव्हते, असं सांगितलं. आणि तेवढ्यावर न थांबता, अशा याद्या करून लोकांचं अन्न तोडणं हीच देशाविरुद्धची गोष्ट आहे, असंही सुनावलं. एका आठवड्यात, 29 सप्टेंबरला, शो बंद झाला. जेमतेम तीन महिने!

वाईट याचं वाटतं की त्या शोचा एकही भाग आज उपलब्ध नाही. तेव्हा व्हिडिओ टेप नव्हती, ती 1956 मध्ये आली. टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्म कॅमेरा लावून चित्रण करायचे, त्याला किनेस्कोप म्हणतात. ड्यूमाँट 1956 मध्ये बंद पडलं, आणि त्याचे उरलेसुरले किनेस्कोप 1970 च्या दशकात न्यूयॉर्कच्या खाडीत बुडवून टाकले, असं सांगितलं जातं. ब्रॉडकास्टिंगवर प्रोजेक्ट करणाऱ्यांनी हा भाग पुन्हा वाचावा आणि बॅकअप घ्यावा.

पुढे अमेरिकेत कामं कमी होत गेली. 1957 मध्ये ती मुलाला घेऊन पॅरिसला राहायला गेली. तिथे तेव्हा अमेरिकेतून आलेल्या कृष्णवर्णीय कलाकारांचा मोठा गोतावळा होता. फ्रेंच सिनेमातही तिने काम केलं, पॉवेलशी घटस्फोट झाला, दुसरं लग्न झालं. 1963 मध्ये वॉशिंग्टनच्या मोठ्या मोर्च्याला पाठिंबा म्हणून पॅरिसमधले अमेरिकन लोक तिथल्या वकिलातीवर चालत गेले, त्यांत लेखक जेम्स बाल्डविनबरोबर हेझलही होती. 1967 मध्ये ती अमेरिकेला परतली तेव्हा तिच्या मागणीतला बराच भाग कायद्यात आला होता, पण संगीत बदललं होतं. क्लबात रॉक वाजत होतं. टीव्हीवर छोट्या भूमिका आणि छोट्या क्लबांत पियानो असं करत ती राहिली. 2 ऑक्टोबर 1981 ला न्यूयॉर्कमध्ये कॅन्सरने ती गेली, वय 61. लुई आर्मस्ट्राँग जिथे आहे त्याच क्वीन्समधल्या फ्लशिंग स्मशानभूमीत तिला पुरलं.

ऐकायचं असेल तर दोन पियानोंच्या क्लिपपासून सुरुवात करा, पण तिथे थांबू नका. 1955 ची 'रिलॅक्स्ड पियानो मूड्स' नावाची रेकॉर्ड शोधा. शो बंद झाल्यानंतरच्या वर्षांतली ती आहे. बासवर चार्ल्स मिंगस, ड्रम्सवर मॅक्स रोच, आणि रेकॉर्ड कंपनीही त्या दोघांचीच. त्यात शॉपँ नाही, लिस्ट नाही, डावा हात मुद्दाम बिघडत नाही. ती घाई करत नाही, स्वर सोडते आणि पुढच्या स्वराची वाट बघते. रात्री अकरानंतर, मेसचा गोंधळ थांबला आणि रेक्टरांचा राउंड झाला की हेडफोन लावून ऐका. एकूण सहा-सातच गाणी आहेत.